प्याद्याची पाच घरं

आण्णांचा साहेब माझ्या घरी आला तो कापडी पिशवीत, दोन टॉवेलांत गुंडाळून. भावाने साताऱ्याहून कराड आणि कराडहून सांगली, दोन्ही एसट्यांमध्ये ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. दारातच म्हणाला, "आक्का, सेल काढू नगंस. सेल काढलं की आतला डाव जातोय म्हनं. आण्णा लय जपायचे."

साहेब म्हणजे बुद्धिबळाचं यंत्र. चौसष्ट घरांचा पट, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात बारका लाल दिवा, उजव्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पडदा आणि त्याखाली आठ-दहा बटणं. मोहरं उचलताना आणि ठेवताना घर जरा दाबायचं, मग यंत्राला चाल कळते. वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, पंचाहत्तरीला मीच ते मागवलं होतं. आधी मोबाइलवर खेळा म्हणून सांगून पाहिलं, पण त्यांना ते पटेना. "काचंवर बोट घासून बुद्धिबळ व्हतंय व्हय? मोहरं हातात आलं पायजे."

पहिल्याच दिवशी त्या दोघांचं वाजलं. आण्णा मेढ्याकडच्या एका डोंगरातल्या गावचे. बुद्धिबळ शिकले ते तिथल्या देवळाच्या ओट्यावर, आपल्या वडिलांच्या पाठीमागे बसून, आणि ते देशी. देशी डावात प्यादं कायम एकच घर चालतं, पहिल्या चालीला दोन घरं धावत नाही. राजाला शह बसलेला नसेल तर तो डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकतो. असे आणखीही काही नियम होते, जे मी पुढे विसरले. फौजेत गेल्यावर आण्णांना साहेबी नियम शिकावे लागले, पण हात जुनाच राहिला. यंत्रासमोर त्यांनी राजाला बिनधास्त अडीच घरं उडवलं आणि यंत्र पीं पीं करत बसलं. पडद्यावर चुकीची खूण. आण्णांनी राजा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. पुन्हा पीं पीं. तिसऱ्यांदा झाल्यावर मला फोन आला.

"तुझा साहेब लय कडक हाय गं. ऐकूनच घेत न्हाई."

तेव्हापासून त्याचं नाव साहेब पडलं.

साहेबाला एक बटण आहे. ते दाबलं की त्याच्या डोक्यात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. कोण किती पुढे आहे, पुढची सगळ्यात चांगली चाल कोणती, तो किती चाली पुढचं बघतोय, सगळं. पुढे-मागेपण मोजायचं ते प्याद्यांत. अर्ध्या प्याद्याने पुढे, पाव प्याद्याने मागे. मी साताऱ्याला जाऊन हे सगळं दाखवलं तेव्हा आण्णा हसत सुटले. "आर्धं प्यादं कुनी बघितलंय का जन्मात?" पण डाव चालू असताना ते बटण दाबायचं नाही, हे त्यांनी मला आणि स्वतःला बजावून टाकलं. शाळेत शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणाऱ्या पोराला छडी मिळायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते बटण कधीच दाबलं नाही, यावर माझा आजही विश्वास आहे.

मला बुद्धिबळ शिकवलं आण्णांनीच. मी सात-आठ वर्षांची असेन. ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. महिनाभर रोज डाव व्हायचा. आमच्या घरचा नियम असा की हरणाऱ्याने पट मांडायचा आणि पहिली चाल जिंकणाऱ्याची. त्यामुळे पट कायम मीच मांडायचे. सुट्टी संपायची तेव्हा एक डाव अर्धा असायचा, आणि तो पत्रातून चालायचा. निळ्या अंतर्देशीय पत्रात शेवटी एक ओळ, 'उजवीकडचा घोडा उंटापुढं.' घरी पट कोनाड्यात मांडून ठेवलेला. त्याला आईनेही कधी हात लावला नाही. पत्र आलं की मी ती चाल पटावर करायचे, तासभर डोकं धरून बसायचे आणि माझी चाल लिहून त्याच दिवशी पोस्टात टाकायचे. पुढची चाल यायला तीन-तीन आठवडे लागायचे. पोस्टमनची सायकल आमच्या गल्लीत वळली की मी दारात जाऊन उभी राहायचे. इतकी वाट मी पुढे आयुष्यात कशाचीच पाहिली नाही, स्वतःच्या लग्नाची तर नाहीच नाही.

पुढे मी शिकायला सांगलीला आले, इथेच गणिताची शिक्षिका झाले, इथलीच झाले. सांगलीत बुद्धिबळाला मान आहे. कॉलेजात असताना मी स्पर्धा खेळले, घड्याळ लावून खेळायला शिकले, सगळ्यात कमी चालींत समोरच्याला कसं संपवायचं ते शिकले. आण्णा निवृत्त होऊन साताऱ्यात स्थिरावले, धाकटा भाऊ त्यांच्यापाशी राहिला. आई गेली. मग साहेब आला आणि आमचा पत्रातला डाव पुन्हा सुरू झाला, या वेळी फोनवरून. साहेबाला त्यांनी पंच केलं होतं. म्हणजे तो स्वतः खेळायचा नाही, फक्त दोघांच्या चाली बरोबर आहेत का बघायचा आणि डाव लक्षात ठेवायचा. इकडे माझा लाकडी पट कपाटावर, दुपट्याखाली झाकलेला. संध्याकाळी सहाला फोन. आधी पाऊसपाणी, गुडघे, भावाच्या तक्रारी, आणि शेवटी चाल. दिवसाला एक, फार तर दोन. खरं सांगायचं तर चाल हे निमित्त होतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

गेल्या हिवाळ्यात मला काहीतरी खटकायला लागलं. आण्णा दोनदा मला आईच्या नावाने हाक मारून गेले. एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, चालायचंच. या सगळ्याकडे मी कानाडोळा केला असता, पण मग पटावर ते झालं.

पांढरी मोहरी त्यांची होती. माझा राजा पार कोपऱ्यात कोंडलेला. एका बाजूने त्यांचा राजा, दुसऱ्या बाजूने लांबून रोखलेला उंट, मला हलायला एक घर नाही. त्यांचा हत्ती मोकळा होता. तो सरळ शेवटच्या ओळीत नेला की मात. शाळेतल्या पोरालाही दिसेल अशी. मनातल्या मनात मी हरले म्हणून मोकळी झाले आणि दुसऱ्या दिवशी पट मांडायच्या तयारीनेच फोन घेतला.

"माझ्या राजाशेजारच्या रांगंतलं प्यादं हाय न्हवं, ते एक घर फुडं," आण्णा म्हणाले.

मला वाटलं, आज लक्ष नसेल. मी माझं लांबच्या कोपऱ्यातलं एक प्यादं हलवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, प्यादं एक घर पुढे. हत्ती तिथेच उभा, मात तिथेच पडलेली, आणि आण्णा त्याच्याकडे बघतही नव्हते. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला एका चालीत त्यांचा उंट हुसकावता आला असता आणि माझा राजा सुटला असता. पण मी ते केलं नाही. मला त्यांची दया आली. ज्या माणसाने मला बुद्धिबळ शिकवलं, त्याला मी दया म्हणून वाईट चाली दिल्या. हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

भावाला फोन करून मी म्हणाले, "आण्णांना एका चालीतली मात दिसत नाहीये. डोकं थकलंय त्यांचं. आता एकटं कुठे पाठवू नकोस." भावाला बुद्धिबळ येत नाही, पण आक्काला कळतं यावर त्याचा विश्वास. त्याने स्कूटरची किल्ली कपाटात ठेवली. बाजारात जायचं तर बरोबर कुणीतरी, असा नियम झाला. आण्णा त्याला एवढंच म्हणाले, "मला काय झालंय रं?" त्याने माझं नाव सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी प्यादं आणखी एक घर पुढे सरकवलं. आवाज मात्र खुशीत होता.

"आता तुजी चाल. पर फोनवर नगं. मी येतो सांगलीला. साहेबाला पिशवीत घालून आनतो. समोर बसून खेळ."

"एकटे येणार?"

"मग? दर साली कोन घालवायला येतंय मला?"

मी म्हणाले, दहावीचे पेपर तपासायला आलेत, गठ्ठेच्या गठ्ठे. मेमध्ये या, भावाबरोबर. ते म्हणाले, "बरं. तुज्या सवडीनं. चाल मातर तुजी हाय बरं का."

माझ्या मनात आलं, डाव लांबवून काय उपयोग, उगाच त्यांच्या डोक्याला ताण. पेपर तर होतेच. संध्याकाळचा फोन मी कधी पाच मिनिटांत उरकला, कधी केलाच नाही. चाल दिली नाही. त्यांनीही मागितली नाही. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. आण्णा अंगणात तोंड धुता धुता खाली बसले आणि तिथेच गेले.

साताऱ्यात दिवस झाले, माणसं आली आणि गेली. एकदा चहा देताना भाऊ सहज बोलून गेला, "रोज सहाला पटापुढं बसायचे आक्का. फोन आला न्हाई तर मला इचारायचे, तिची चाल आली का म्हनून. मी म्हनायचो, पेपर हायत तिला." तो मला दोष देत नव्हता. त्याला दोष देता येत नाही, तो स्वभावच नाही त्याचा. दिला असता तर बरं झालं असतं.

यंत्र आलं तो रविवार होता. दुपारी भाऊ जेवून परत गेल्यावर मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. दोन दिवे लुकलुकले, पडद्यावर काळ्या राजाची छोटी खूण आली. काळी मोहरी माझी. साहेब अजून माझीच चाल मागत होता. कपाटावरचा माझा पट दुपट्याखाली तसाच होता. त्यावरून बघून बघून मी यंत्रावर मोहरी लावली.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. माझ्या वडिलांचं डोकं नेमकं कुठून ढळायला लागलं? मी गणित शिकवते. उत्तर चुकलं की कोणत्या पायरीपासून चुकलं ते शोधणं हा माझा धंदा. आधीच्या चालींतही खुणा असतील तर मला त्या वेळेत कळायला हव्या होत्या. आणि नसतील तर मी भावाला जे सांगितलं ते काय होतं? मी वही-पेन घेऊन बसले. एक बटण दाबलं की यंत्र एक चाल मागे जातं. प्रत्येक चालीला मागे जायचं आणि ते दुसरं, आण्णांनी कधीच न दाबलेलं बटण दाबायचं. पहिल्यांदा दाबताना मी दाराकडे बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून.

शेवटच्या चालीच्या आधी, आण्णांची खेळी: पडद्यावर हत्तीची चाल आणि पुढे मातेची खूण, एक. म्हणजे एका चालीत मात. आण्णांनी खेळलं प्यादं. त्याआधी, पुन्हा हत्ती, पुन्हा एक. खेळलं प्यादं. त्याआधी तेच. त्याआधीही तेच. चारही वेळा साहेबाने एका क्षणात जे सांगितलं, ते आण्णांनी केलं नव्हतं. मी वहीत चार फुल्या मारल्या. मग आणखी मागे गेले आणि मला आश्चर्य वाटलं. त्याआधी सगळं चोख होतं. माझा राजा कोपऱ्यात ढकलणं, उंट लांबून रोखणं, स्वतःचा राजा एकेक घर पुढे आणून माझ्यापाशी उभा करणं, सलग अकरा चाली साहेबाच्या आणि आण्णांच्या एकच. अकरा चाली तल्लख आणि मग एकदम आंधळा, असा माणूस असतो का?

मी पुन्हा पुढे यायला लागले. या वेळी पडद्याकडे न बघता, फक्त पटाकडे. प्यादं दुसऱ्या ओळीतून तिसऱ्यात. तिथून चौथ्यात. पहिल्या चालीला ते दोन घरं जाऊ शकलं असतं, तरी एकच गेलं होतं. चौथ्यातून पाचव्यात, पाचव्यातून सहाव्यात. चार दिवस, चार घरं, एकच प्यादं. आता ते माझ्या कोंडलेल्या राजापासून एका घरावर येऊन उभं होतं. प्यादं मारतं तिरकं, म्हणजे आणखी एक घर पुढे गेलं की त्याच्या माऱ्यात माझा राजा, आणि मला हलायला घर नाही.

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

प्यादेमात. हा तो विसरलेला नियम. नियम तरी कसला, मानच तो. देवळाच्या ओट्यावर वजिराने केलेल्या मातेचं कुणी दुसऱ्या दिवशी नावही काढायचं नाही. हत्तीने केली तरी तेच. पण प्याद्याने मात केली तर ती गावभर सांगितली जायची, वर्षानुवर्षं सांगितली जायची. आण्णांच्या वडिलांनी तशी एकदाच केली होती. आण्णांनी मला ती गोष्ट एका सुट्टीत सांगितली होती, पट मांडता मांडता. म्हणाले होते, "मला काय अजून जमली न्हाई. जमंल कवातरी." मी तेव्हा आठ वर्षांची होते. मग मी सांगलीत येऊन कमीत कमी चालींत जिंकायला शिकले आणि ती गोष्ट पार विसरून गेले.

त्यांना हत्ती दिसत होता. चारही दिवस दिसत होता. रोज सहाला तो हत्ती बाजूला ठेवून, मी उंट हुसकावीन का याची धाकधूक सोसून, ते प्यादं एकेक घर आणत होते. आणि मी दया करून उंटाला हात लावत नव्हते. त्यांना वाटलं असेल, पोरीच्या लक्षात आलं नाही. किंवा वाटलं असेल, लक्षात आलंय आणि मुद्दाम होऊ देतेय. यातलं काय वाटलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. साहेबाकडे त्याचं बटण नाही.

आणि शेवटची चाल त्यांना माझ्या समोर बसून खेळायची होती. पिशवी मांडीवर घेऊन, कराडला गाडी बदलून. ते येणं मी थांबवलं, त्यांचं डोकं चालत नाही म्हणून. मी टेबलावर डोकं टेकून रडले. आमचे हे बाहेरच्या खोलीतून आले, पटाकडे बघितलं आणि परत गेले.

बऱ्याच वेळाने मी चेहरा धुऊन आले. साहेब माझी चाल मागत होताच. पोस्टमनची वाट बघणाऱ्या त्या मुलीने कधी एक दिवसही चाल राखून ठेवली नव्हती. मी लांबच्या कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे केलं. दुसरं काही करून उपयोग नव्हता आणि मला करायचंही नव्हतं. मग सवयीने ते बटण दाबलं. पडद्यावर हत्ती, एका चालीत मात. साहेबाला मात म्हणजे मात, तो काही मेढ्याचा नाही.

मी आण्णांचं प्यादं उचललं. त्याचं डोकं त्यांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याचं पाचवं घर दाबून ठेवलं. साहेबाने छोटी धून वाजवली आणि पडद्यावर डाव संपल्याची खूण आली. मी भावाला फोन लावला. म्हणाले, "आण्णांनी प्यादेमात केली." त्याला काहीच कळलं नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं, हत्तीचं, प्याद्याचं, मी लावलेल्या चुकीच्या अर्थाचं. तो म्हणाला, "म्हंजी डोकं शाबूत व्हतं." मी म्हणाले, "शाबूत होतं. माझ्यापेक्षा चांगलं." स्कूटरच्या किल्लीबद्दल आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आमच्या घरी हरणारा पट मांडतो. मी साहेबावर मोहरी मांडली, दोन्हीकडची. पांढरी त्यांच्या बाजूला, काळी माझ्याकडे. माझ्या लाकडी पटावरचं दुपटं घडी करून कपाटात ठेवून दिलं, आता पट झाकायचा नाही असं ठरवलं. सेल दर दोन महिन्यांनी बदलते. रोज संध्याकाळी सहाला त्याच्यासमोर पाच मिनिटं बसते.

पहिली चाल जिंकणाऱ्याची असते.